शनीच्या दारातला गोंधळ

मंडळी, आज जरा लांब जाऊ. शनीपर्यंत. पण सुरुवात घराच्या गच्चीवरून करू, कारण गच्चीवरून चंद्र दिसतो.

चंद्र आपल्याला कायम एकच बाजू दाखवतो, हे आपण शाळेत शिकतो, परीक्षेत लिहितो आणि विसरून जातो. खरं तर ही भलतीच विचित्र गोष्ट आहे. पृथ्वीभोवती एक फेरी मारायला चंद्राला २७.३ दिवस लागतात आणि स्वतःभोवती एक गिरकी घ्यायलाही बरोब्बर तेवढेच. थोडी मान इकडेतिकडे हलवतो, त्यामुळे सगळं मिळून त्याचा ५९ टक्के पृष्ठभाग आपल्याला कधी ना कधी दिसतो. बाकीचा भाग बघायला १९५९ मध्ये सोव्हिएत युनियनला यान पाठवावं लागलं.

हा योगायोग नाही. मंगळाचा फोबोस ७ तास ३९ मिनिटांत मंगळाला एक फेरी मारतो आणि तेवढ्याच वेळात स्वतःभोवती एक गिरकी घेतो. गुरूचे चारही मोठे उपग्रह असेच. शनीचा टायटन असाच. कारण सगळीकडे एकच, भरती-ओहोटी. आपली भरती समुद्राला येते, पण घन खडकालाही थोडीशी येतेच. ग्रहाच्या ओढीने उपग्रहाला फुगवटा येतो. उपग्रह भरभर फिरत असेल तर तो फुगवटा त्याच्याबरोबर पुढे सरकतो आणि ग्रह त्याला मागे खेचतो. म्हणजे एक मंद ब्रेक सतत दाबलेला. कोट्यवधी वर्षांनी गिरकीचा वेग फेरीच्या वेगाइतका होतो आणि उपग्रह तिथे अडकतो. एकदा अडकला की सुटका नाही. सरकारी नोकरीसारखं :)

आता या शिस्तबद्ध कुटुंबातला एक वाया गेलेला मुलगा.

त्याचं नाव हायपेरियन. सप्टेंबर १८४८ मध्ये अमेरिकेत विल्यम बॉन्ड आणि त्याचा मुलगा जॉर्ज बॉन्ड यांनी आणि इंग्लंडमध्ये विल्यम लॅसेलने, एकमेकांना पत्ता नसताना, अवघ्या काही दिवसांच्या अंतराने तो शोधला. शनीपासून साधारण १४ लाख ८० हजार किलोमीटरवर तो फिरतो. एक फेरी २१.३ दिवसांची. आकार मात्र काहीच्या काही. सुमारे ३६० बाय २६६ बाय २०५ किलोमीटर. म्हणजे लांबी मुंबईहून रस्त्याने कोल्हापूरला जाण्याइतकी आणि तब्येत ठेचलेल्या बटाट्यासारखी. २६ सप्टेंबर २००५ ला कॅसिनी यान त्याच्यापासून जेमतेम ५०० किलोमीटरवरून गेलं. तेव्हाचे फोटो बघितलेत तर पहिल्यांदा आंबोळीच आठवेल. सगळीकडे जाळी. घनता पाण्याच्या निम्म्याहून किंचित जास्त, म्हणजे आत बरीचशी पोकळीच.

पण आपला विषय त्याची गिरकी. व्हॉयेजर २ ऑगस्ट १९८१ मध्ये शनीजवळून गेलं तेव्हा हायपेरियनचे फोटो आले. नियमाप्रमाणे त्याची लांबट बाजू शनीकडे असायला हवी होती. ती नव्हती. गिरकीचा आस कक्षेच्या पातळीला काटकोनात उभा असायला हवा होता, तर तो जवळजवळ आडवा पडलेला. मग १९८४ मध्ये जॅक विज्डम, स्टँटन पील आणि फ्रान्स्वा मिन्यार यांनी एक पेपर लिहिला. (आडनावच विज्डम. अशा माणसाने दुसरं काय करावं!) त्यांचं म्हणणं असं की हायपेरियनला ठरावीक गिरकी नाहीच. तो गडगडतो. कधी जोरात, कधी हळू, कधी या अंगावर, कधी त्या. आणि पुढे कसा गडगडेल ते फार लांबचं सांगता येणार नाही. १९८७ मध्ये जेम्स क्लाव्हेटरने हायपेरियनचा उजेड कसा कमी-जास्त होतो ते काही महिने मोजलं. त्या मोजमापांत कुठलाही ठरावीक काळ बसेना. नियमित गिरकीचं गणित तिथेच निकालात निघालं.

असं का होतं? मला हे समजून घ्यायला मजा आली, म्हणून जरा सविस्तर.

लांबट वस्तूचं जवळचं टोक शनी जास्त ओढतो, लांबचं कमी. त्यामुळे ती वस्तू होकायंत्राच्या सुईसारखी शनीकडे वळायला बघते. कक्षा गोल असती तर प्रश्न नव्हता, सुई हळूहळू स्थिर झाली असती. पण हायपेरियनची कक्षा लंबगोल आहे. शनीजवळ आला की तो भरभर पळतो, लांब गेला की रेंगाळतो. गिरकी मात्र आपल्याच वेगात चाललेली. म्हणजे सुई कायम थोडी पुढे नाहीतर थोडी मागे. शिवाय हा पीळ अंतराच्या घनाप्रमाणे बदलतो, त्यामुळे जवळ असताना तो लांब असतानाच्या जवळजवळ दुप्पट होतो. झोक्यावर बसलेल्या पोराला कोणी वेळी-अवेळी, कधी हलका कधी जोराचा धक्का देत राहिलं तर जे होईल ते इथे होतं.

भरती-ओहोटीने ही लंबगोल कक्षाही हळूहळू गोल करायला हवी. ते होत नाही, कारण शेजारी टायटन बसलाय. हायपेरियनच्या ३ फेऱ्यांत टायटनच्या बरोब्बर ४ फेऱ्या होतात. ठरावीक जागी ठरावीक वेळी टायटनचा धक्का बसतो आणि कक्षा लंबगोलच राहते. गंमत बघा, टायटन इथे वेळेचा एकदम पक्का आहे. त्याच्या शिस्तीमुळेच हायपेरियनची बेशिस्त टिकून आहे.

आणखी एक गोष्ट. गिरकीला अडकून बसायला एकच जागा नसते. बुध सूर्याभोवती दोन फेऱ्या मारेपर्यंत स्वतःभोवती तीन गिरक्या घेतो (१९६५ मध्ये रडारने हे कळलं), तीही एक पक्की जागा. गोट्या खेळताना जमिनीत खड्डे करतो ना, तसे हे खड्डे समजा. गोटी एका खड्ड्यात पडली की तिथेच राहते. खड्डा किती मोठा, हे उपग्रह किती बेढब आहे त्यावर ठरतं. आपला चंद्र जवळजवळ गोल, त्यामुळे खड्डे छोटे आणि एकमेकांपासून लांब. हायपेरियनचा बेढबपणा चंद्राच्या हजारपटीहून जास्त, त्यामुळे खड्डे इतके मोठे की शेजारच्या खड्ड्यांच्या कडा एकमेकांत घुसतात. मधला बांधच राहिला नाही तर गोटी कुठल्या खड्ड्यात आहे, हा प्रश्नच उरत नाही. ती सगळीकडे भटकते. बोरिस चिरिकोव्ह या सोव्हिएत शास्त्रज्ञाने मांडलेली ही कल्पना विज्डम आणि मंडळींनी थेट एका चंद्राला लावून दाखवली.

आता आम्ही पडलो इंजिनियर. वाचून समाधान होत नाही, कोड लिहिल्याशिवाय चैन पडत नाही. हायपेरियनचा आस सरळ उभाच आहे असं धरलं तर समीकरण एका ओळीत मावतं. ते पायरीपायरीने सोडवणारा प्रोग्रॅम शंभर ओळींचाही होत नाही. एका शनिवारी दुपारी तो लिहिला. आधी त्यात चंद्र घातला. हजार फेऱ्या झाल्या तरी बाबा हलायला तयार नाही. मग हायपेरियन घातला, आणि एक नाही तर दोन. दोघांच्या सुरुवातीच्या कोनात फरक एका अंशाचा दहा लाखावा भाग. बाकी सगळं सेम टू सेम.

पहिले काही महिने (हायपेरियनचे हं, माझे नाही) दोन्ही आलेख एकमेकांवर तंतोतंत बसलेले. वर्ष झालं तरी नुसत्या डोळ्यांना फरक दिसत नाही. तिसाव्या फेरीच्या आसपास मात्र दोघं एकमेकांना ओळखही दाखवेनात. एक इकडे तोंड करून, दुसरा तिकडे. मग मी आणखी एक उद्योग केला. दोन्ही हायपेरियन अगदी एकाच कोनातून सोडले, फक्त एकाच्या कोडमध्ये तीन संख्यांची बेरीज वेगळ्या क्रमाने केली. कागदावर अ अधिक ब अधिक क कसंही केलं तरी उत्तर तेच. कंप्युटर मात्र सोळाव्या-सतराव्या अंकावर जरा वेगळं गोल करतो. तेवढ्यावरून तीन-चार वर्षांत दोन वेगळे हायपेरियन! यातला बरोबर कुठला? बहुधा कुठलाच नाही. गंमत म्हणजे प्रोग्रॅममध्ये बग नाही, समीकरणात चूक नाही, कुठेही रँडम नंबर नाही. त्याच मशीनवर तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवला की तंतोतंत तेच उत्तर येतं.

हे सगळं मी घरी बाबांना सांगत होतो. आमच्या बाबांचा पंचांगाचा अभ्यास दांडगा. मी मानत नाही, ते मानतात, आणि त्यावरून आमचे वाद होतात, पण ते प्रेमाने.

"म्हणजे समीकरण तुमच्याकडे आहे," बाबा म्हणाले.

"आहे."

"आणि उत्तर नाही?"

"उत्तर पण आहे बाबा. पण सुरुवात नेमकी कळली तरच ते बरोबर. आणि ती कधीच पूर्ण नेमकी कळत नाही."

"मग नीट मोजा की रे! एवढे मोठे कंप्युटर घेऊन बसता."

बाबांचा मुद्दा शंभर टक्के रास्त आहे. मला वाटतं सगळी मेख इथेच आहे, म्हणून जरा हिशेब करू. कॅसिनीच्या फोटोंवरून २०११ मध्ये जो अभ्यास झाला, त्यानुसार हायपेरियनच्या बाबतीतली कुठलीही छोटी चूक साधारण दोन महिन्यांत पावणेतीन पट होते. पुढच्या दोन महिन्यांत पुन्हा पावणेतीन पट. चक्रवाढ व्याज. समजा आज त्याची दिशा एका अंशाच्या अचूकतेने मोजली. आठेक महिन्यांत ती चूक साठ अंशांची होते, म्हणजे अंदाज कचऱ्यात. आता बाबांचं ऐकून हजारपट नीट मोजू. किती फायदा? चौदा महिने. दहा लाख पट नीट मोजलं तर? अठ्ठावीस महिने. उपकरण हजारपट सुधारायला माणसाच्या पिढ्या जातात आणि पदरात पडतं सव्वा वर्ष. कर्ज चक्रवाढीने वाढतंय आणि पगार मात्र दर वर्षी ठरावीक रकमेनेच वाढतोय, अशी ही गत.

बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पण शनी स्वतः तर किती सरळ आहे."

आणि ते खरंच आहे. शनी सूर्याभोवती साडेएकोणतीस वर्षांत एक फेरी मारतो. भागिले बारा राशी, म्हणजे एका राशीत साधारण अडीच वर्षं, तीन राशी धरल्या की साडेसात. साडेसातीचा आकडा आला तो इथून. तुमच्या नातवाच्या साडेसातीची तारीखही आज काढता येईल (ती आल्यावर काय होतं, हा आमच्या वादाचा विषय, तो इथे नको). ज्या शनीचं वेळापत्रक इतकं चोख, त्याच्याच दारात एक चंद्र असा आहे की तिथे कालनिर्णय छापताच येणार नाही! म्हणजे महिना छापता येईल. हायपेरियन कधी कुठे असेल ते अनेक वर्षं आधी सांगता येतं, त्याची कक्षा एकदम नियमित आहे. पण पुढच्या वर्षीचा सूर्योदय कधी आणि कुठल्या दिशेला, ते नाही. लोकल अगदी वेळेवर येणार, फक्त दार प्लॅटफॉर्मच्या बाजूला असेल की छताला, ते आल्यावरच कळणार.

याला इंग्रजीत केऑस म्हणतात. मराठीत आपण सरळ गोंधळ म्हणून मोकळे होतो. पण मला वाटतं इथे मराठी जास्त शहाणी आहे. कारण गोंधळ म्हणजे आपल्याकडे नुसता घोळ नाही. लग्नानंतर घरी देवीचा गोंधळ घालतात. चौक मांडायचा, दिवटी पेटवायची, संबळ आणि तुणतुण्यावर देवीला आणि गावोगावच्या दैवतांना बोलवायचं, मग आख्यान, शेवटी आरती. लांबून आवाज ऐकणाऱ्याला तो घोळ वाटेल, पण प्रत्येक गोष्टीचा क्रम ठरलेला. हायपेरियनचा गोंधळ या दुसऱ्या जातीचा. प्रत्येक पाऊल नियमाने पडतं, न्यूटनच्या बाहेर एक इंच नाही. फक्त पुढचं आख्यान कुठे जाणार ते आपल्याला ऐकूनच कळतं.

तुम्ही म्हणाल, म्हणजे बेढब चंद्र दिसला की तो गडगडणार. तर तसंही नाही. जून २०१५ मध्ये हबल दुर्बिणीच्या मोजमापांवरून मार्क शोवॉल्टर आणि डग्लस हॅमिल्टन यांनी मांडलं की प्लूटोचे निक्स आणि हायड्रा हे छोटे चंद्रही असेच गडगडत असावेत. कारण पटण्यासारखं होतं. प्लूटो आणि शॅरन ही जोडीच एकमेकांभोवती फिरते, त्यामुळे बाकीच्यांना बसणारी ओढ सतत बदलती. १४ जुलै २०१५ ला न्यू होरायझन्स यान तिथून गेलं आणि जे दिसलं ते वेगळंच. हायड्रा साधारण दहा तासांत एक गिरकी घेतो, म्हणजे ३८ दिवसांच्या एका फेरीत जवळजवळ ८९ गिरक्या! निक्स, कर्बेरोस, स्टिक्स हेही फेरीच्या मानाने भरभर फिरणारे, आस वाकडे. भोवरा जोरात फिरत असेल तर बाजूने फुंकर मारून तो हलत नाही, तसं काहीसं. शनीचाच लांबचा चंद्र फीबी बघा. ५५० दिवसांची फेरी आणि सव्वानऊ तासांची गिरकी. इतका लांब की भरतीचा ब्रेक त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

म्हणजे सुरुवातीला सगळे भोवरे. काही लांब असल्यामुळे भोवरेच राहिले. जे जवळ होते त्यांना ब्रेक लागला आणि ते शेवटी एका जागी अडकले. मधे काय झालं? विज्डमने १९८७ मध्ये याचंच उत्तर दिलं. बेढब चंद्र भोवऱ्याचा अडकलेला चंद्र होताना त्याला गडगडण्याच्या पट्ट्यातून जावंच लागतं. आज मंगळाकडे शहाण्यासारखं तोंड करून बसलेले फोबोस आणि डायमॉसही एके काळी असेच गडगडले असणार. हायपेरियन वाया गेलेला मुलगा आहे असं मी वर म्हटलं, ते आता जरा सौम्य करतो. बाकीचे ज्या वयातून बाहेर पडले, त्याच वयात टायटनने याला थांबवून ठेवलंय.

आणि ग्रहांच्या चोख वेळापत्रकाचं काय? १९८९ मध्ये जॅक लास्करने दाखवलं की आतल्या ग्रहांच्या कक्षाही याच अर्थाने केऑटिक आहेत. तिथे चूक पावणेतीन पट व्हायला सुमारे ५० लाख वर्षं लागतात, एवढाच फरक. हायपेरियनला दोन महिने. पंचांगाला मुदत आहेच, फक्त ती आपल्याला पुरून उरते. बाबांना हे अजून सांगितलेलं नाही :)

इंजिनियरिंगच्या चार वर्षांत आम्हाला एकच मंत्र शिकवला. समीकरण लिहा, सुरुवातीच्या अटी घाला, उत्तर काढा, खाली दोन रेघा मारा. ज्यांना उत्तर आहे अशीच गणितं परीक्षेत येत, त्यामुळे मंत्र कधी फसला नाही. नोकरीतही तेच. सिस्टिम समजली ना, मग पुढच्या वर्षी ती कशी वागेल सांगा, लिहून द्या, सही करा. हायपेरियनने माझ्यासाठी या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एखादी गोष्ट पूर्ण समजणं आणि ती पुढे काय करेल हे सांगता येणं. पहिली असूनही दुसरी नसू शकते, आणि त्यात कोणाचा आळस नाही की अज्ञान नाही. अशा वेळी प्रामाणिक उत्तर एवढंच, की इतक्या दिवसांपर्यंतचं सांगतो, त्यापुढे पुन्हा बघावं लागेल. मीटिंगमध्ये हे वाक्य म्हणायला धीर लागतो, पण ते वाक्य बरोबर आहे.

३१ मे २०१५ ला कॅसिनी हायपेरियनच्या जवळून शेवटचं गेलं, साधारण ३४ हजार किलोमीटरवरून. आतापर्यंत नीट न दिसलेला भाग या वेळी दिसावा अशी शास्त्रज्ञांची इच्छा होती. पण हायपेरियनच्या बाबतीत ठराविक भाग गाठणं अवघड, आणि गंमत म्हणजे आधीच्या बहुतेक भेटींत त्याने फिरून फिरून तीच ओळखीची बाजू दाखवली होती. १५ सप्टेंबर २०१७ ला कॅसिनी शनीच्या वातावरणात जळून संपलं. हायपेरियन या क्षणी कक्षेत नेमका कुठे आहे, ते कंप्युटर तुम्हाला लगेच सांगेल. तोंड कुठे करून आहे, ते मात्र कोणीतरी पुन्हा बघेल तेव्हाच कळेल.

असो. बाबा हाका मारतायत, बहुतेक त्यांना आणखी काही शंका आहेत.